खळ्याला परत पाठवू नये

मी, धंद्याने पुस्तकबांधणी करणारा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत मला ठाऊक आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणील असे कोणी घरात उरलेलेही नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे माझ्या मुलीच्या नावे होते.

१. रस्त्यालगतचे दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या भाचीला द्याव्यात. अट एकच. माझा कुत्रा खळ्या जिवंत असेपर्यंत तिने त्याच्यासह तिथेच राहावे आणि त्याला प्राण्यांच्या निवाऱ्यात परत सोडू नये. याआधी दोन घरांनी त्याला नेले आणि परत आणून सोडले. मी भाचीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, मी येईन हो राहायला. पण तो मला आपलं म्हणेल का?" मी म्हटले, "खळीचं भांडं घासण्याआधी त्याला चाटू दे. पुढचं तो बघेल." पुठ्ठे चिकटवायच्या या मैद्याच्या खळीवरूनच त्याचे नाव पडले. खळ टिकावी म्हणून मी तीत चाळीस वर्षे मोरचूद घालत होतो, ते विषारी असते. तो आल्यापासून घालत नाही. खळ दोन दिवसांत आंबते. आंबू दे.

२. खळ्या माझ्याकडे कसा आला ते इथे लिहून ठेवतो, कारण नातेवाइकांत भलतेच पसरले आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून ती कुत्रा मागत होती. मी दर वेळी तेच सांगायचो, "आपला कागदाचा धंदा. कुत्रं गिऱ्हाइकांची पुस्तकं फाडेल." पुढे ती नोकरीला लागली, मागायची थांबली आणि दर रविवारी निवाऱ्यात जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालू लागली. "बाबा, एकदा नुसतं बघायला तरी चला," म्हणायची. मी म्हणायचो, "बघून काय करू?" एकतिसाव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. मंगळवारी ताप आला, शुक्रवारी ती गेली.

नवव्या दिवशी दुकानात फोन वाजला.

"ताई आहेत का? त्यांचा अर्ज मंजूर झालाय. कुत्रा कधी नेताय?"

"ती नाहीये."

"बरं, मग कधी भेटतील?"

मी फोन ठेवला आणि 'आम्हाला कुत्रा नको' एवढेच सांगायला स्वतः निवाऱ्यात गेलो. निवारा सांभाळणाऱ्या बाईंना सगळे सांगितले. मग त्यांनी तिचा अर्ज माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडे असू द्या. तिचं अक्षर आहे."

अर्जात एक प्रश्न होता: तुम्ही नसताना कुत्र्याची जबाबदारी कोण घेईल? तिने लिहिले होते, 'माझे बाबा. आधी नाही म्हणतील. मग करतील.'

तो अर्ज मी उभ्या उभ्या किती वेळा वाचला, सांगता येत नाही. शेवटी बाईंनी विचारले, "काका, बघता का त्याला?" मी म्हटले, "बघतो." पिंजऱ्यात एका कानाचा, थोराड, तांबडा कुत्रा बसला होता. मी वाकलो तर त्याने माझी बाही हुंगली आणि सोडेना. माझ्या अंगात तिचा स्वेटर होता. मी तो नऊ दिवस काढला नव्हता.

पुस्तक त्याने आजवर एकही फाडलेले नाही.

३. माझ्या धाकट्या भावाला वडिलांची मोठी कातर आणि पुस्तके शिवायची चौकट द्यावी. आम्ही दोघेही त्यांवरच शिकलो. खळ्याला घरी आणला त्या संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "पोरीला जाऊन दहा दिवस नाही झाले, आणि कुत्रं आणलंस? तिची जागा भरलीस होय?" त्याला मी उत्तर दिले नाही, आणि त्यानंतर चार वर्षे काहीच बोललो नाही. माझ्याकडे उत्तर होते, अर्जात लिहिलेले होते. दाखवले असते तर तो रडला असता. मी हट्टाने दाखवले नाही. ती चूक माझी; तोंडाला येईल ते बोलण्याची त्याची. कातरीला धार लावून ठेवली आहे.

४. बँकेत जे असेल ते निवाऱ्याला द्यावे. म्हाताऱ्या कुत्र्यांवरच खर्च करावे. पिल्लांना कोणीही नेते. दात्याच्या नावाची पाटी लावायचीच झाली तर मुलीच्या नावाची लावावी.

५. माझे शेवटचे. मुलीला इस्पितळातून परस्पर स्मशानात नेले, घरी आणलेच नाही. ती गेल्याचे खळ्याला कोणीच सांगितले नाही. घरात सगळीकडे तिचा वास, आणि ती मात्र नाही. दीड वर्ष तो दर रविवारी जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसायचा. "अरे, ती नाही यायची," मी सांगायचो. तो शेपूट हलवायचा. मीही मग शेजारी बसायचो.

म्हणून मला घरी आणावे, वरच्या खोलीत, जमिनीवर ठेवावे. पलंगावर त्याला आता चढवत नाही. खळ्याला आत सोडावे आणि दार लावून घ्यावे. तो हुंगेल, कदाचित चाटेल. कोणी ओरडू नये, ओढू नये. कितीही वेळ लागो, तो स्वतःहून उठून दाराशी येईपर्यंत मला नेऊ नये.

सही: पुस्तकबांधणीवाला, स्वहस्ते

साक्षीदार पहिल्या: निवारा सांभाळणाऱ्या बाई
साक्षीदार दुसरे: खळ्याचे डॉक्टर. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: दुकान, कापणीचे टेबल
दिनांक: अकरा फेब्रुवारी, रविवार