आघाडीच्या फळीबद्दल, डेसला

वॅरिंडा, बुधवार

प्रिय डेस,

आणि प्रिय सेला, कारण वाचून दाखवणार तू आहेस. नाश्ता झाला, दाढी झाली, की मग वाच. तो मध्येच खिडकीकडे बघायला लागला तर थांब आणि मागचं वाक्य पुन्हा घे. माझं अक्षर कुठे लागलं नाही तर पदरचं काही घालू नकोस, सरळ पुढे जा.

डेस, आधी मैदानावरची बातमी देते, नाहीतर तू माझं दुसरं काही ऐकून घेणार नाहीस. शनिवारी पोर्ट ॲग्नेसविरुद्ध फुटबॉलचा सामना आहे, आपल्याच मैदानावर. मोसम सुरू व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे हा नुसता सरावाचा. हरलो काय, जिंकलो काय, कुणाच्या खात्यावर काही जमा होणार नाही. पण गावात दुसरा विषय नाही. उकाडा असा की कुंपणाच्या नळीवर हात ठेवला तर चटका बसतो, तरी मंगळवारी पोरांचा सराव बघायला सगळे त्याच नळीला टेकून उभे होते. मी आपली घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन गेले. व्हर्नने मटणाच्या दुकानाला कुलूप लावलं होतं, अंगावर ॲप्रन तसाच. टूला आपल्या फिश-चिप्सच्या दुकानात नवऱ्याला तळणीसमोर उभा करून आली होती. वाद अर्थातच आघाडीच्या फळीचा. गोलासमोर उंच चेंडू झेलायला कोण, मधे कोण, कोपऱ्यात कोण, आणि उंच पोरांच्या हातून निसटून खाली पडलेला चेंडू टिपायला पायाशी कोण. दरवर्षी तेच भांडण आणि तेच भांडणारे.

ह्या वर्षी टास्मानियाहून एक लांबलचक पोरगा आला आहे, आधी बास्केटबॉल खेळायचा. टूला त्याला उंट म्हणते. तिचं म्हणणं, त्या उंटाला गोलासमोर उभा करा, दोन-दोन बचाववाले त्याच्या अंगावर जातील आणि आपल्या मॅकला मोकळं रान मिळेल. व्हर्न तर उसळलाच. “मॅकला कोपऱ्यात घालायचं? म्हणजे अख्खा बोकड कापायचा आणि खूर तेवढे शिजवायचे! आणि तुझा तो उंट, त्याच्या हातात चेंडू राहतो कुठे? तुझ्या दुकानातल्या माशासारखा निसटतो, तेलकट!” टूला म्हणाली, “माझ्या माशाला तेलकट म्हणतोस? तुझ्या सॉसेजमध्ये काय काय असतं ते सांगू का सगळ्यांना, मोठ्याने?” लोक पोट धरून हसले. मग व्हर्न माझ्याकडे वळला. “ग्लेन, तू बोल गं. पोर तुमच्या घरातलं.” मी म्हटलं, उंटाला गोलासमोर ठेवा आणि मॅकला बाहेर बसवा, चक्क बाकावर. सगळे पुन्हा हसले. “आत्याबाई घाबरल्या! अगं सराव सामना आहे, लढाई नाही.” मीही हसले. हसण्यावारी नेलं की बरं असतं, चहा ओतता येतो.

आपला मॅक दिसतो मात्र छान, डेस. तुझे खांदे आहेत, तुझी चाल आहे, फक्त नाक त्याच्या आईचं, करीनचं. ती निघून गेल्यानंतर पोर माझ्याच घरी लहानाचं मोठं झालं म्हणून सांगत नाही, पण चेंडू हवेत असताना तो धावतो ते मैदानभर कुणाला जमत नाही. आणि तेच नेमकं तुझंही होतं. चेंडू पाठीमागून डोक्यावरून येतोय, समोरून पोर्ट ॲग्नेसचा कुणी आडदांड धावत येतोय, आणि तू त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, मान वर करून, चेंडूवरच डोळे ठेवून सरळ त्याच्या दिशेने जायचास. सगळं मैदान श्वास रोखून धरायचं. मग तुम्ही आदळायचात, तू खाली पडायचास आणि चेंडू तुझ्या छातीशी असायचा. काय आरडाओरडा व्हायचा! तुझ्या हिमतीचं गावाने इतकं कौतुक केलं की मलाही बाजारात मान ताठ करून चालायची सवय लागली. तुझं डोकं किती वेळा कशावर आपटलं, ते कुणी मोजलं नाही. शुद्धीवर आणायला अमोनिया हुंगवायचे आणि पुन्हा आत पाठवायचे. तुला साठी उलटून फार दिवस झालेले नाहीत, डेस. ह्या वयाची माणसं नातवंडांना घेऊन मासे पकडायला जातात.

सेला, इथे त्याला पाणी दे.

आता त्या परीक्षेचं सांगते, तुमच्या वेळी हे नव्हतं. हल्ली मोसमाच्या आधी प्रत्येक खेळाडूला संगणकासमोर बसवतात. शब्द दाखवतात, ते लक्षात ठेवायचे. चित्रं दाखवतात, हे आधी बघितलं होतं का ते सांगायचं. दिवा लागला की बटण दाबायचं. धडधाकट असताना किती गुण पडतात ते लिहून ठेवतात, आणि पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा. पहिल्याइतके गुण पडले तरच मैदानात पाऊल टाकायचं. शहाण्या माणसांनी काढलेली युक्ती आहे, फक्त आपली पोरं कसली आहेत ते त्या शहाण्यांना माहीत नाही. ही पोरं पहिली परीक्षाच मुद्दाम वाईट देतात. मग मार लागल्यावरही तेवढे गुण आरामात पडतात. ह्याला त्यांच्यात “ढ होणं” म्हणतात. “काय रे, नीट ढ झालास ना?” असं एकमेकांना विचारतात. ज्याला सगळ्यात कमी गुण, त्याला क्लबात कापडी गाढवाचे कान घालून मिरवतात. ह्या वर्षीचे कान मॅकला मिळाले. टूलाने त्याचा कान घातलेला फोटो दुकानात व्हिनेगरच्या बाटल्यांवर लावलाय. व्हर्न म्हणतो, “गोलासमोरच्या माणसाला डोकं हवंय कशाला? हात असले की झालं!” प्रशिक्षकापासून पाव विकणाऱ्यापर्यंत सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि सगळं गाव हसतं. लपवलेलं काही असतं तर मी जाऊन उघडं तरी केलं असतं.

पण रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला होता. मटण भाजलं होतं, बटाटे, पुदिन्याची चटणी, सगळं त्याच्या आवडीचं. स्वयंपाकघरातही त्याने काळा चष्मा काढला नाही. म्हणाला, रात्री जास्त झाली, उजेड सोसत नाही. मी वास घेतला, डेस. काही घेतलं नव्हतं. मग त्याने विचारलं, “आत्या, शनिवारी येणार ना?” मी म्हटलं, येणार. बटाटे वाढून घेतले आणि पुन्हा विचारलं. मी म्हटलं, येणार रे बाबा. बशी उचलून मोरीत ठेवताना पुन्हा तेच, पहिल्यांदाच विचारावं तशा आवाजात. गेल्या हिवाळ्यात दोनदा डोक्यावर आदळला होता, त्यातल्या दुसऱ्या वेळी ओकाऱ्या झाल्या होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, काय रे, त्या परीक्षेत खरंच मुद्दाम चुकलास? तो हसला. म्हणाला, मग काय! पण उत्तर द्यायच्या आधी थांबला. तेवढं थांबणं माझ्या ओळखीचं आहे. तूही असाच थांबायचास, अगदी सुरुवातीला, गाडीची किल्ली हातात असताना किल्ली शोधायचास तेव्हा. तो मुद्दाम ढ झाला की त्याला खरोखरच तेवढेच गुण पडले, हे मला माहीत नाही. मला वाटतं, त्यालाही माहीत नसावं. आणि आता कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही.

मी गप्प बसले असं समजू नकोस. प्रशिक्षकाकडे गेले. भला माणूस आहे, खुर्ची पुसून दिली. म्हणाला, “ग्लेनिस, त्याचे आकडे जुळतात. आकडे जुळत असताना मी त्याला कुठल्या तोंडाने बाहेर बसवू? उद्या तोच मला विचारेल.” डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या रक्तदाबाची चौकशी केली आणि सांगितलं, सज्ञान माणसाबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. मग मॅकशीच बोलले, भांडी पुसता पुसता. रडले नाही, ओरडले नाही, फक्त म्हटलं, एक वर्ष थांब. त्याने माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि म्हणाला, “आत्या, तू उगाच जिवाला लावून घेतेस. बाबांकडे बघ ना. किती मार खाल्लाय त्यांनी! आणि परवा मला शहाऐंशीच्या अंतिम सामन्यातल्या आघाडीच्या फळीची सहाच्या सहा नावं धडाधड सांगितली, कोण कुठे उभा होता त्यासकट. थोडं विसरतात, वय झालंय. असा म्हातारा व्हायला माझी काही हरकत नाही.”

मी हातातली बशी पुसतच राहिले. ह्यावर बोलायचं तर तुला दिलेला शब्द मोडावा लागला असता.

तुला आठवतं की नाही ते मी विचारत नाही, मीच सांगते. त्या शुश्रूषागृहात तुला ठेवलं त्या दिवशी तू माझं मनगट धरून म्हणालास, “ग्लेन, पोराला मी नीट असेन तेव्हाच आण. नाहीतर आणू नकोस.” मी हो म्हटलं आणि पाळलं. मॅक येतो तो सकाळीच येतो. सेला तुझी दाढी करते, केस ओले करून भांग पाडते, निळा शर्ट घालते. मी आधी दारातून डोकावते आणि तू बरा दिसलास तरच त्याला हाक मारते. दोनदा तू बरा नव्हतास, तेव्हा मी त्याला सांगितलं की बाबांना सर्दी झाली आहे. तू जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगतोस, तो हसतो, अकराच्या आधी आम्ही निघतो. आपण तिघांनी मिळून त्याच्यासाठी एक बाप उभा केला आहे, डेस, आणि तो त्या बापावर विश्वास ठेवून शनिवारी मैदानात उतरणार आहे.

चार वाजल्यानंतरचा तू त्याने कधी पाहिलेला नाही. तूही पाहिलेला नाहीस, आणि हे तुला कुणी सांगतही नाही. मी सांगते, मला माफ कर. चहाचे कप उचलले की तू बूट शोधायला लागतोस. बूट पायात असतात. सामना सुरू झाला, मला आत जाऊ द्या, म्हणून दार ठोठावतोस. सेलाला ओळखत नाहीस, मला तर मुळीच नाही. मी जवळ आले की दोन्ही हातांनी डोकं झाकून भिंतीशी खाली बसतोस, मी मारणार आहे असं वाटून. आणि मग लहान मुलासारखा रडतोस, कितीतरी वेळ. मी बाहेर गाडीत जाऊन बसते, कारण मला बघून तू जास्त घाबरतोस. तुझी बहीण असून मला तुझ्यासाठी एवढंच करता येतं.

म्हणून हे पत्र. तुझ्यासमोर बसून बोलायला घेतलं तर मी हवापाण्यावर येते आणि परत जाते. उद्या सकाळी हे सेलाच्या हातात देईन. शुक्रवारी मी मॅकला चार वाजता घेऊन येणार आहे. त्याला सांगितलंय, शनिवारचा संघ बाबांना वाचून दाखवू. त्या दिवशी दाढी करायची नाही, निळा शर्ट नाही, आणि मी आधी दारातून डोकावणार नाही, त्यालाच पुढे करीन. हे तुझ्या होकाराने व्हावं असं मला फार वाटतं. तू हो म्हणालास तर सेला मला फोन करेल. पण सकाळचा होकार तुला चार वाजता आठवणार नाही, आणि तू नाही म्हणालास तरी मी त्याला आणणारच आहे, तेव्हा हे विचारणं नव्हे. तू तुझा असताना तुला सांगून ठेवते आहे. कदाचित हे सगळं बघूनही तो शनिवारी उतरेल. त्याच्यापुढे माझं काही चालत नाही, प्रशिक्षकाचं नाही, डॉक्टरांचं नाही. त्या पोराला थांबवायला माझ्याकडे आता तुझ्याखेरीज काहीच उरलेलं नाही, डेस.

तुझीच, आणि त्याचीही,
ग्लेन