‘बिब’पुढची अक्षरं

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा जाऊन तीन महिने झाले. कारखाना मी चालू ठेवलाय. करवतही माझं ऐकते आता, कधीकधी. बाबांनी प्रत्येक फळीवर खडूने नाव घालून ठेवलंय, त्यामुळे अडत नाही. पण परवा मागच्या भिंतीला, गोणपाटात गुंडाळलेली एक फळी सापडली. माझ्या छातीएवढी उंच, दोन वीत रुंद, आणि जड अशी की उचलताना तोंडून ‘आई गं’ निघालं. तिच्यावर खडू नाही. पेन्सिलीने नुसतं ‘बिब’ लिहिलंय आणि तिथेच फळी कापलेली आहे.

मी वाचलं बिब्बा! बिब्ब्याचा चीक अंगावर उततो एवढंच मला ठाऊक. मग काय, भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, नाकाला फडकं बांधलं आणि त्या थाटात फळीवर रंधा मारला. आईने तीनदा हात धुवायला लावले आणि दोन दिवस माझं तोंड न्याहाळत बसली. एक फोड येईल तर शपथ.

आता खरी अडचण. डॉक्टरीणबाईंना टेबलासाठी हीच फळी हवी आहे आणि शनिवारी ती लाकडाच्या गिरणीवर चिरायला न्यायची आहे. पॉलिशवाला म्हणतो सागवान, गिरणीवाला म्हणतो शिसवी, आणि दोघेही पैजेवर आलेत. लाकूड कुठलं हे कळल्याशिवाय त्याला करवत लावायला माझं मन घेत नाही. बाबा म्हणायचे, लाकूड ओळखावं तर ताईच्या नाकाने. पाकिटात चार ढलप्या घातल्यात, त्या हुंग.

बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तू कारखान्याच्या दाराबाहेरच उभी राहिलीस. का ते मी विचारत नाही. फक्त ओळख.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
भुंगी

७ मार्च

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद.

बिब्बा! अगं, सुताराची पोर ना तू? बिब्ब्याची फळी गोणपाटात जपून कोण ठेवील? हातमोज्यांचं वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली.

ढलप्या हुंगल्या. काही कळलं नाही. नाक म्हातारं झालंय, हे तुला म्हणून सांगते, पॉलिशवाल्याला कळता कामा नये. पण एक परीक्षा आहे. साध्या काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घे, त्यात चार ढलप्या टाक आणि तासभर हलवू नकोस. मग पेला उन्हात ने, मागे काळी छत्री धर आणि ऊन तुझ्या पाठीवर घेऊन बघ. काय दिसेल ते मी सांगणार नाही. तू तिखटमीठ न लावता कळव. आणि फळीत कुठे खिळा आहे का, तेही बघ. तोवर करवत लावलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आमच्या अंगणात एक झाड होतं. शाळेतून आले की दप्तर अडकवायला मी त्यात खिळा ठोकला होता. मी नोकरीसाठी बाहेरगावी असताना रस्ता रुंद झाला आणि झाड गेलं. मी आले तेव्हा नुसता बुंधा. धाकट्याला, म्हणजे तुझ्या बाबाला म्हटलं, तू सुतार, माझ्यासाठी एक फळी तरी ठेवायचीस. तो गप्प. काम पुरं झाल्याशिवाय बोलायचंच नाही, ही त्याची जुनी खोड. पण मला वाटलं, याने विकून टाकलं. सव्वीस वर्षं मी त्याच्या कारखान्याचा उंबरा ओलांडला नाही. चार वर्षांनी एकदा एक स्टूल घेऊन तो समेटाला आला, तर ते मी घरातही घेतलं नाही. अशी तुझी आत्या.

ते झाड हे नसेल तर मी सुटले. असेल तर मी फार वाईट वागले गं.

वहिनीला सांग, पोरीचे हात आता धुवायला लावू नकोस.
आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

आत्या, पाणी निळं झालं.

तिखटमीठ लावायला जागाच नाही. उजेडाकडे धरलं तर पाणी फिक्या चहासारखं. छत्रीपुढे धरलं आणि पाठीवर ऊन घेतलं, तर पेल्याच्या कडेला निळा उजेड उभा राहिला. रंग नाही, उजेडच. पेला हलला की तोही हलायचा. आईला हाक मारली, ती कणकेच्या हाताने आली आणि तशीच उभी राहिली. पॉलिशवाल्याने, ज्याचं तोंड जेवतानाही बंद नसतं, पेला तीनदा फिरवून बघितला. नंतर हळूच म्हणाला की चाळीस वर्षं लाकूड हाताळतोय, पण लाकडाच्या पोटात असं काही असतं हे ठाऊक नव्हतं. एवढ्याशा तपकिरी ढलप्या, आणि फळी इतके दिवस हे आत घेऊन अंधारात उभी!

खिळाही आहे. फळीच्या कडेला, लाकडाने पार गिळलेला. भोवती लाकूड काळं पडलंय.

डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून आले. त्या चिडल्या नाहीत, पेला बघायला येते म्हणाल्या. पण एक कळत नाही. ‘बिब’पाशी फळी बाबांनीच कापलीय, काप जुना आहे. मग पुढची अक्षरं आणि उरलेला तुकडा कुठे गेला? सगळा कारखाना पालथा घातला, कुठेच नाही.

लवकर लिही, माझा जीव टांगणीला लागलाय.
भुंगी

१५ मार्च

चि. भुंगीस,
पोटभर आशीर्वाद.

बिबळा. तुझं लाकूड बिबळ्याचं आहे, आणि झाड आमचंच.

तुझं पत्र वाचलं आणि मी गॅलरीत गेले. धाकट्याने तेव्हा बाहेर सोडून दिलेलं ते स्टूल तिथेच आहे, इतकी वर्षं त्यावर कुंडी ठेवलीय. पहिली काही वर्षं कुंडीखाली साचलेलं पाणी उन्हात निळं दिसायचं. मला वाटायचं, खताचा परिणाम. रोज पुसून टाकायची, भुंगे. जगातलं प्रत्येक लाकूड हुंगणारी मी, हे एक लाकूड रागापायी कधी हुंगलंच नाही.

कुंडी उतरवली. गुडघे कुरकुरले, पण खाली बसले आणि स्टूल उलटं केलं. कोळ्याची जाळी पुसली. वरून पार करडं पडलंय, खालून मात्र कोरडं आहे. तिथे पेन्सिलीने लिहिलंय, ‘ळा, ताईचा’.

चार वर्षं फळी वाळू दिली असणार त्याने, म्हणून गप्प. आणि मी दार लावून घेतलं. खूप रडले. मग गॅलरीतच त्या स्टुलावर बसले, पहिल्यांदा.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. स्टूल माझ्या काखेत असेल, लोक हसले तर हसू देत. कारखान्याचं दार उघडं ठेव, मी आत येणार आहे. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मला धाकट्याचं अक्षर एकदा सलग वाचायचंय.

माझी माया तुझ्यापाशी ठेव, मी येऊन मोजून घेईन.
तुझी,
आत्या