रुग्णालयाकडचा बाण

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला नि वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बाबा बरे आहेत. सकाळी फिरून येतात, पेपर वाचतात. चहा अजून दोन कप करतात आणि दुसरा माझ्यापुढे ठेवतात. मी चहा पीत नाही हे त्यांना आठवत नाही, आणि मीही आठवण करून देत नाही. पिऊन टाकते.

ऑफिसचं म्हणशील तर मेट्रोचा नवा नकाशा सगळ्या स्टेशनांवर लागला. वाकड्यातिकड्या मार्गांच्या मी सरळ रेघा केल्या, पाट्यांवरची गर्दी काढून टाकली. आता कुणाला काही विचारावं लागत नाही, असं लोक म्हणतात. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. का, तेच सांगायला बसलेय आणि मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय.

आई गेली त्या दिवशी तू धापा टाकत वॉर्डात आलास. काका दारातच म्हणाले, "आईच्या शेवटच्या वेळीसुद्धा तुला उशीरच." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तुझी ख्यातीच तशी. स्वतःच्या लग्नाला सगळ्यांत शेवटी पोचलेला नवरा तू. नंतर जिन्यात तू मला म्हणालास, "स्टेशनवरचा बाण बघूनच बाहेर पडलो गं. मग चुकलो कसा?"

मी म्हटलं, "जाऊ दे आता."

दादा, तू चुकला नव्हतास. बाण चुकीचा होता, आणि तो माझ्यामुळे तसाच राहिला होता.

रुग्णालयाचं पुढचं फाटक बांधकामासाठी बंद झालंय, ये-जा मागच्या फाटकातून सुरू आहे, हे मला आधीच कळलं होतं. तिथल्या मेट्रो स्टेशनच्या मास्तरांनी फोन केला होता. नवी पाटी येईपर्यंत कागदावर बाण काढून चिकटवतो, म्हणाले. मी नको म्हटलं. एका ठिकाणी कागद चिकटला की सगळीकडे चिकटतात, इतकं झटून स्वच्छ केलेल्या पाट्यांची रया जाते, असं वाटलं. नव्या पाट्या छापून येतीलच, तोवर थांबा, म्हटलं. ते थांबले.

तू त्या बाणाप्रमाणे गेलास, बंद फाटकाशी पोचलास आणि अख्ख्या भिंतीला वळसा घालून आलास. तेवढ्यात आई गेली. ती मध्येच डोळे उघडून विचारत होती, "आला का?" मी सांगत होते, "स्टेशनवर उतरलाय, आलाच." तू फोनवर तसंच म्हणाला होतास. तेव्हा मला ती पाटी आठवलीसुद्धा नाही. जिन्यात तुझं बोलणं ऐकलं तेव्हा आठवली. तरी मी गप्प राहिले. पुढे काका पुन्हा तेच बोलले, तू मान खाली घालून ऐकत होतास, आणि मी काय केलं, तर तुला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन माझ्या हातानं त्या बाणावर कागद चिकटवला. मास्तरांनी चिकटपट्टी पुढे केली. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, एवढ्या मोठ्या कामात असं व्हायचंच. घरी सांगायचा मात्र धीर होत नव्हता.

आज काका जेवायला आले होते. तुझा विषय निघाला, त्यांनी पुन्हा उशिराचं काढलं. मी ताट सरकवलं आणि सगळं सांगून टाकलं. काका भात चिवडत बसले. बाबा म्हणाले, "आम्हाला सांगून काय उपयोग? जो मान खाली घालून गेला, त्याला सांग."

काका तुला फोन करणार आहेत. तो उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

माफ कर, असं लिहिलं होतं, ते खोडलं. आधी तू माझ्यावर मनसोक्त चिड. फक्त एवढं धरून ठेव, की त्या दिवशी तू वेळेत निघाला होतास आणि वेळेत उतरलाही होतास. तू आलाच आहेस, हे ऐकूनच आई गेली.

तुझी वाट चुकवणारी,
बारकी