निरोगी बायकांच्या गटात

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या डॉक्टरांवरचा माझा राग गेलेला नाही. कुणापाशी बोलले नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

तू सायखेड्याच्या शाळेत शिकवायचीस तेव्हा तिथे बायकांसाठी मुतारी नव्हती. मास्तर लोक शाळेमागच्या बाभळींकडे जायचे. तुम्ही दोघी शिक्षिका दिवसभर धरून बसायचात. एसटी पकडण्याआधी अर्धा कप चहा, मग घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. "सवय होते गं," म्हणायचीस. सवय झाली, आणि पाळी गेल्यावर जळजळ सुरू झाली. नाशिकच्या एका दवाखान्यात मोठे डॉक्टर पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीचा अभ्यास करत होते. तपासणी होईल, औषध मिळेल, म्हणून तू मला घेऊन गेलीस. दारातल्या नर्सला हळूच सांगितलंस, "जळजळ होते, खोकलं की लुगडं ओलं होतं." ती म्हणाली, "या वयात व्हायचंच, बाई. साहेबांना काय असलं सांगायचं? उद्या बाटली भरून आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघरात उभी आहेस. बाटली उकळत्या पाण्याने धुतली आहेस आणि तांब्यामागून तांब्या पाणी पिते आहेस. मी विचारते, "अगं, किती पिशील?" "मग काय, गढूळ नेऊन ठेवू त्या परक्या माणसापुढे? चारचौघांत जाताना मळकं नेसतो का आपण?" बाटलीत नळाच्या पाण्यासारखं नितळ आलं तेव्हाच तुझं समाधान झालं. मग पिशवीत बाटली, वर कोथिंबिरीची जुडी. "भाजी विकायला निघालीस का?" "गप गं. एसटीत ओळखीची माणसं असतात."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "वा, बाई! तरुण पोरींना लाजवाल." पाळी कधी गेली, बाळंतपणं किती, एवढंच विचारलं आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "यांना निरोगी गटात घ्या." पहिल्या नंबराने पास झाल्यासारखी तू माझ्याकडे बघून हसलीस.

पुढे दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. दुसरे डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग फार जुना आहे, आणि तुझ्यावरच ओरडले, "शिकलेल्या ना तुम्ही? इतके दिवस काय करत होतात?" तू मान खाली घातलीस. का घातलीस? सकाळची पहिली लघवी आणा, आधी पाणी पिऊ नका, एवढं एक वाक्य त्या दवाखान्यात कुणाला सांगता आलं नाही. काय त्रास होतो, हे विचारावंसं वाटलं नाही. त्यांचा अभ्यास पुरा झाला असेल, छापलाही असेल. वय झालेल्या निरोगी बाईची लघवी कशी असते, हे त्यात तुझ्यावरून ठरलं असेल. वर म्हणतात, बायका बोलत नाहीत. तू बोलली होतीस. मी शेजारीच उभी होते.

गेल्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले, हल्ली नेते तसा पिशवीच्या तळाशी बदलायचा परकर घेऊन. माझ्या लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि सरळ विचारलं, "मावशी, खोकताना, शिंकताना लघवी जाते का? घाई होते का?" तुला कुणीतरी असं विचारावं, म्हणून मी इतकी वर्षं मनात भांडत आले.

मी म्हणाले, "नाही."