तुझ्या बदकांची घाण

केनवड,
मंगळवार

प्रिय शफीक,

फोन सोडून चिठ्ठी काहून लिहून राह्यला, असं तू म्हणशीलच. तर ऐक. तू झालास ठार बहिरा. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अर्ध्या गावाले ऐकू जाईल एवढं बोंबलावं लागते, आणि आज मले जे सांगायचं ते विजयमालाच्या कानावर पडू द्यायचं नाही. ती पडवीत खाटेवर आहे, मी अंगणात कडुलिंबाखाली बसून लिहून राह्यलो. चिठ्ठी जीपवाल्या इंद्रभानजवळ देतो. हरवली तर त्याले धर.

पहिले तुझी खरडपट्टी. अरे, बदकाची अंडी कोणी भेट देते का? लोक आजारी माणसाले सफरचंद आणतात, मोसंबी आणतात. तू आलास, सहा अंडी आमच्या खुडूक कोंबडीखाली सारलीस, टोपली विजयमालाच्या खाटेपाशी ठेवलीस आणि म्हणालास, "भाभीले पाहाले काहीतरी होईल." झालं. तू गेलास रिसोडले, घाण राहिली माझ्याजवळ. कोंबडीची पिल्लं तीन आठवड्यांत येतात हे साऱ्या गावाले ठाऊक. बदकाले आणखी आठवडा लागते हे तू बोललाच नाहीस. तीन आठवडे झाले, काही हालचाल नाही, म्हणून मी एक अंडं उचलून कानापाशी हलवलं, तर ते फटकन हातातच फुटलं. काय सांगू तुले! काळंहिरवं पाणी मनगटावरून थेट सदऱ्याच्या बाहीत. सदरा जाळला मी. दोन दिवस भाकरीचा घास तोंडाजवळ नेला की तोच वास यायचा.

मले किळस किती, हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाले माहीत? मेडशीच्या गाडीवर जन्म गेला आपला, मी ड्रायव्हर अन् तू कंडक्टर. एखाद्या पोरानं गाडीत ओकलं की मी गाडी कडेले लावून पाठ करून उभा राहायचो. माती टाकायचं काम तुझं. आमचा हरीओम लहान होता तर त्याचं नाक पुसतानाही मी तोंड फिरवायचो. विजयमाला म्हणायची, "सोन्याचं नाक हाय तुमचं, पेटीत ठेवत जा."

आता त्याच माणसावर काय वेळ आली पाहा. तिची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, महिन्यात एखादा शब्द निघाला तर निघाला. तिचं सारं करायले विमलबाई यायची तोवर ठीक होतं. ती लेकीच्या बाळंतपणाले गेली ती गेलीच. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तिची घाण मीच काढतो. नाकाले कापराचं फडकं बांधतो, शी-शी करतो, उमासे येतात, मधेच बाहेर जाऊन थुंकून येतो. खोटं कायले बोलू? जिच्यासोबत सारा संसार केला, तिची मले किळस येते. आणि ती? मी बादली घेऊन आलो की भिंतीकडे तोंड करते. सारं आटोपलं, चादर बदलली, तरी वळत नाही. मले वाटलं, माझ्यावरचा राग. हरीओम पुण्याहून म्हणते, "पप्पा, तुमच्यानं होत नाही तर अकोल्यात अशा आजाऱ्यांची सोय आहे, तिथं ठेवू." मी तिले विचारलं, अकोल्याले जातेस का? तिनं लगेच होकाराची मान हलवली. विचारही केला नाही. म्हटलं, जाऊ दे, तिलेच माझ्याजवळ राहायचं नाही. म्हणून तुले सांगितलं आणि तू पुतण्याची, मुन्नाची, गाडी शुक्रवारची ठरवलीस.

तर परवा रविवारची गोष्ट. चार पिल्लं शनिवारीच बाहेर आली होती. कोंबडी त्यांना घेऊन अंगणात फिरायले लागली आणि सहावं अंडं टोपलीत तसंच पडलं. त्याले तुरीच्या दाण्याएवढं भोक पडलेलं, आतून चीं-चीं चालू, पण पुढं काही सरकेना. उघडी हवा लागून आतला पापुद्रा वाळला होता आणि पिल्लाच्या अंगाले चामड्यासारखा चिकटला होता. वास तर विचारूच नको. मी म्हटलं, मरतेच आहे, उकिरड्यावर टाकतो. दोन बोटांनी उचललं, तर खाटेवरून धाड-धाड आवाज. विजयमाला डाव्या हातानं खाटेची कड बडवून राह्यली होती. असे डोळे वटारले की बस. तुले तर माहीत आहे, कोंबड्यांच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नव्हती.

मग काय, मी हुकमाचा ताबेदार. तिनं चुलीकडे बोट केलं, म्हणजे कोमट पाणी. उशाकडे बोट केलं, म्हणजे कापूस. नाकाले फडकं बांधून बसलो तिच्या खाटेपाशी. कापसानं पापुद्रा ओला करायचा आणि नखानं टरफलाचा एवढासा तुकडा काढायचा. बोटाले बुळबुळीत लागलं की माझ्या पोटातून उमासा यायचा. शी! थू! राम राम! एकदा जरा जास्त ओढलं तर लाल रेघ उमटली, रक्त. विजयमाला ओरडली, "अंहं!" आणि पंजा असा दाखवला की थांब म्हणजे थांब. मी म्हणालो, एकदाचं ओढून काढतो, संपलं. तिनं माझ्याकडे असं पाह्यलं की मी गुमान हात मागं घेतला. रक्त आत जिरेपर्यंत बसून राह्यलो. पुन्हा पाणी, पुन्हा तुकडा, पुन्हा थांब. जेवण राह्यलं, दुपार गेली. मान सुटली, पंख सुटला, तर खाली बेंबीपाशी पिवळा ओला गोळा लोंबलेला! मी बाहेर पळालो, शफीक, खरंच ओकून आलो. परत येऊन पाहतो तर ती खुणेनं सांगते, खालचं अर्धं टरफल राहू दे, तो गोळा पोटात ओढला जाईल तोवर हात लावू नको. तसंच झालं. दिवस कलायले लागला तेव्हा ते कार्टं लाथा झाडत बाहेर आलं. आपल्याले वाटते पिवळं, मऊ, गोंडस असेल. कसलं काय! कोणी चावून थुंकल्यासारखं दिसत होतं. आणि उपकाराची फेड म्हणून पहिलं काम काय केलं, तर माझ्या तळहातावर हगलं.

मी केवढ्यानं ओरडलो! पण हातातून टाकलं नाही. आणि विजयमाला हसायले लागली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. तोंड एका बाजूनंच हसते आता, लाळ गळते, पण अशी हसली की खाट हालत होती. हसता हसता तिनं माझ्या तोंडाकडे बोट केलं. मग त्या पिल्लाकडे. मग स्वतःकडे. पुन्हा माझ्या तोंडाकडे. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, हसण्याच्या का रडण्याच्या, मले कळलं नाही. पण ती काय म्हणते ते कळलं. हेच थोबाड ती रोज सकाळ-संध्याकाळ पाहत होती आणि तिले वाटलं, हे फक्त तिच्यासाठीच आहे. माझ्या अकलेले आग लागो. ती भिंतीकडे पाहायची ते रागानं नाही. माझं तोंड दिसू नये म्हणून.

त्या संध्याकाळी बादली घेऊन गेलो तर तिनं भिंतीकडे तोंड केलं नाही. सरळ माझ्याकडे पाहत राह्यली. मी नेहमीसारखाच, उमासे देत, शिव्या देत. मधेच नाकावरचं फडकं सुटलं, माझे दोन्ही हात घाणीत. तर तिनं डाव्या हातानं ते वर सरकवून नाकावर नीट बसवलं.

किळस गेली असं समजू नको, आज सकाळीही मी अंगणात जाऊन थुंकून आलो. तुझ्या घरून अन्वरीभाभीले एकदा घेऊन ये. अशा माणसाची कूस कशी बदलायची ते त्या मले शिकवतील, काल मी तिले खाटेवरून पाडता पाडता राह्यलो. पण चिठ्ठी लिहिली ती वेगळ्याच कामासाठी. मुन्नाले सांग, शुक्रवारी गाडी आणायची नाही. हरीओमले काय सांगायचं ते मी पाहीन. काल तिचं आवरून झाल्यावर मी पुन्हा विचारलं, विजयमाला, शुक्रवारी अकोल्याले जायचं ना? यावेळी तिनं मान हलवली नाही. ओठ कितीतरी वेळ वाकडेतिकडे होत राह्यले आणि मोठ्या कष्टानं एकच शब्द बाहेर आला. म्हणाली, "काहून?" कशाले जायचं, असं मलेच विचारत होती, शफीक.

तुझाच, अजूनही थुंकत असलेला,
रामराव