तर्जनीचं रबर

दि. २ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने सगळे ठीक.

पार्सल काल मिळालं. हातमोजे एक जोडी, मलमाची डबी एक. तिकिटं कमी लावलीस, वरचे बारा पोस्टमनने माझ्याकडून घेतले. प्रयोगशाळेत उंदराच्या शेपटीतले धागे तोलतेस, मग पार्सल तोलायला काय होतं गं?

ह्यांच्या बोटाची काळजी करू नकोस. एका दुकानाच्या पाटीसाठी पत्रा कापताना उजव्या तर्जनीची कंडरा आतून तुटली, तिला टाके घालून आज तीन आठवडे झाले. हाताला साचा आहे, नखाला हूक आणि हुकाला रबर. रबर बोट ओढून मिटवतं, ह्यांनी ते हळूहळू उघडायचं, तासाला दहा वेळा. व्यायामाच्या बाई तेच घोकून घेतात. पण मागच्या पत्रात तू लिहिलंस ना, की कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तिच्यात थोड्याशा मूळ पेशी असतात, त्याच जखम भरतात, आणि त्यांना जास्त ताणलं की त्या दोरी व्हायचं सोडून चरबी नि हाड होतात? ते वाचलं आणि मी रबरच काढून ठेवलं. पंधरवडा झाला. बोट कापडाने घट्ट बांधलंय, जरा हलू देत नाही. तपासणीला जाताना रबर परत लावते. घरात शिकलेली बहीण असताना परक्याचं कशाला ऐकू? बाईंशी खोटं बोलते, ते देव पोटात घालेल.

हे म्हणतात, बायकोच्या हातचे घास मिळतायत, बोट बरं नाही झालं तरी चालेल. चावटपणा काही जात नाही.

जेवत जा. माया असू दे.
तुझी,
ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तीन आठवडे परिषदेला नि पुढे प्रशिक्षणाला गेले होते, तुझं पत्र इथल्या खणात पडून राहिलं. आज वाचलं. लगेच फोन केला, तर भावजींनी उचलला. त्यांच्यापुढे तुझी चूक कशी बोलू, म्हणून तब्येत विचारली आणि ठेवून दिला. तिथेच बोलायला हवं होतं. मी भित्री ती भित्रीच.

ताई, मी तुला अर्धंच लिहिलं होतं. त्या दिवशी यंत्राने जोरात ताणलेल्या पेशी हाडाच्या वाटेला गेलेल्या दिसल्या, आणि त्या आनंदात तेवढंच लिहून मोकळी झाले. शेजारच्या ताटलीतल्या पेशी हलक्या ताणल्या होत्या. त्या शहाण्यासारख्या दोरीच होत होत्या. आणि ज्यांना अजिबात ताणलं नाही, त्या आपण कोण हेच विसरायला लागतात. थोडी ओढ त्यांना लागतेच. शिवाय ताटलीतली पेशी म्हणजे माणसाचं बोट नव्हे, हे मी सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं. बोट हललं नाही तर भरलेली दोरी आजूबाजूला चिकटून बसते. ते रबर त्यासाठीच होतं.

आता स्वतःच्या मनाने काही करू नकोस, रबरही लावू नकोस. उद्याच बाईंकडे जा आणि सगळं खरं सांग. मीच तसं लिहिलं होतं, असं म्हण. माझ्यावर ढकल, मला चालेल.

अपराधी,
मुंगी


दि. १५ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

तुझ्यावर ढकललं नाही. बाईंना म्हटलं, मी मॅट्रिक आहे, तुमचा सूचनांचा कागद मला नीट वाचता येत होता, तरी मी पाळला नाही. त्यांनी वही मिटली आणि डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, टाके भरलेत, पण दोरी चिकटली आहे. बोट दांडक्यासारखं ताठ. दोनतीन महिने व्यायाम करायचा. तरी नाही हललं तर पुन्हा कापून ती सोडवायची, आणि दुसऱ्या दिवसापासूनच, कितीही दुखलं तरी, हलवायची. त्यात तुटलीही तर सांगता येत नाही म्हणाले.

ह्यांना त्याच दिवशी स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. रोज देवापुढे बसते, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं. दोन दिवस ह्यांनी माझ्या हातचा घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी पाटीवर डाव्या हाताने एक अक्षर काढून बघितलं, पुसलं, आणि म्हणाले की रबर लावायचं असतं हे त्यांनाही माहीत होतं. बाईंनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. पण दुखायचं, आणि मी भरवत होते ते आवडत होतं, म्हणून गप्प राहिले. मला हसावं की रडावं कळेना. पंचवीस वर्षं ह्यांच्या ब्रशच्या रेषेवर घर चाललं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते बोट लाडात घालवलं.

व्यायाम आता हे करतात, ओठ दाबून. मी खोलीत थांबत नाही, थांबले की बास करा म्हणेन. पण पुन्हा कापायला नाहीच म्हणतात. माझ्या समजावण्याला आता किंमत नाही, ते बरोबरच आहे. म्हणतात, तुझ्या बहिणीने सगळं लिहून कळवलं तर विचार करेन.

तेव्हा ह्यांना लिही. फोन नको, फोनवर आपण दोघी एकमेकींना सांभाळून घेतो. तुमच्याकडे ज्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना विचारून लिही. किती जणांची बोटं हलली, किती जणांची तुटली, वय पन्नाशीचं असलं की त्या पेशींत किती दम उरतो, सगळं. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. पाकिटावर ह्यांचंच नाव घाल. मी ते फोडणार नाही, वाचणारही नाही. ह्यांनी वाचून जे ठरवलं, ते मला सांगा म्हणायचीही माझी हिंमत नाही.

उलट टपाली पाठव.

तुझी,
ताई