कोरीबाईंचं ‘नाही’

ऑकलंड,
रविवार, ८ मे २००५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

इथे थंडी सुरू झाली. घरं लाकडी, त्यामुळे थंडी आधी आत येते आणि मग बाहेर पसरते. श्रीनाथ उजाडायच्या आत ईस्ट टामाकीच्या कारखान्यात जातो, सिद्धी तिच्या कॉम्प्युटर कंपनीत, आरव शाळेत. मग दिवसभर मी आणि फ्रिजचा आवाज. आरवशी मराठीत बोललं की तो ‘स्वीट अ‍ॅज, आजोबा’ (म्हणजे झकास) म्हणून पळतो. समजतं सगळं, उत्तर मात्र इथलं.

पण इथे आल्यापासून चौथ्या वर्षी एक माणूस मिळाला आहे. कुंपणापलीकडचे हेंक. शहात्तर वर्षांचे, विधुर, मूळचे हॉलंडमधल्या झीलँड प्रांतातले. बावन्न साली बोटीने इथे आले. फिजोआ नावाची हिरवी फळं बादलीभर घेऊन आले आणि तासभर बसले. मी साताऱ्यात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं म्हटल्यावर तर उठेचनात. युरोपातल्या पंचवीस देशांसाठी एक राज्यघटना तयार झाली आहे, त्यावर एक जूनला हॉलंडमध्ये सार्वमत आहे. हेंकचा थोरला भाऊ लढाईत जर्मन कारखान्यात वेठीला नेला गेला तो परत आलाच नाही. ते म्हणतात, ज्यांनी एकमेकांची मुलं मारली ते देश आता एका टेबलाशी बसून भांडतात, यापेक्षा मोठं काय हवं? पण इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा त्यांचं तिकडचं गेलं. त्यांना मत नाही. मत आहे ते त्यांच्या बहिणीला, कोरीला. ती गावात एकटी असते. दर रविवारी तिला फोन करून ते ‘हो म्हण’ असा प्रचार करतात. मी त्यांना मुद्दे पुरवतो.

प्रकृती बरी. तुझी माया आहे तेवढी राहू दे; वाढवलीस तर मला इथे बसवणार नाही.

तुझा,
पुरुषोत्तम


सातारा,
२० मे २००५

चि. पुरुषोत्तमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हणजे प्राध्यापक पुन्हा वर्गात शिरले तर! विद्यार्थी एकच, तोही शहात्तर वर्षांचा. बरं झालं. फ्रिजच्या आवाजापेक्षा हेंकराव बरे.

मात्र तुम्ही दोघं मिळून त्या बाईला मुद्दे सांगताय, तिचं काय म्हणणं आहे ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. एकदा विचारून तर बघा. मी चोवीस वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. माझा अनुभव असा, की जी मुलगी गप्प बसून सगळं ऐकून घेते ती शेवटी आपल्याच मनाचं करते.

गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. श्रीनाथ-सिद्धीला आशीर्वाद, आरवला पापा. पत्राला उशीर करू नकोस. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

तुझी,
ताई


ऑकलंड,
रविवार, १२ जून २००५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हेंकचा युरोप हरला. आधी फ्रान्सने ‘नाही’ म्हटलं, तीन दिवसांनी हॉलंडने. आणि कोरीनेही. तिने निकालाच्या दिवशी फोनवर स्वतःच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी जुनं गिल्डर नाणं जाऊन युरो आला, तेव्हापासून पावापासून केस कापण्यापर्यंत सगळं महागलं, पेन्शन तिथेच. जवळचा कारखाना पोलंडला चालला आहे. वर हेंकना म्हणाली, की तू पन्नास वर्षं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहून आम्हाला एकत्र राहायला शिकवू नकोस. हेंकनी तिला भावाची आठवण करून दिली. तो असता तर तुझी लाज वाटली असती त्याला, असं म्हणाले. तिने फोन ठेवला.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही फार बोललात. ते म्हणाले, मुद्दा तुझाच होता. खरं आहे. भावाचं नाव काढा, असं मीच सुचवलं होतं, वर्गात सुचवावं तसं.

दोन रविवार झाले, फोनच्या वेळेला ते आमच्याकडे येऊन बसतात. कोट काढत नाहीत. आरव टीव्ही लावतो, आम्ही दोघं न कळणारं रग्बी बघतो. सिद्धी विचारते की काकांना काही हवं आहे का. ते मान हलवून फोनकडे पाठ करून बसतात.

इथे पाचलाच अंधार पडतो. पत्र लवकर लिही, एवढीच मागणी.

तुझा,
पुरुषोत्तम


सातारा,
१८ जुलै २००५

चि. पुरुषोत्तमास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्याकडून कोरीबाईंचा पत्ता मागून घेतला, तेव्हा कशाला ते सांगितलं नाही. मी त्यांना पत्र लिहिलं. म्हटलं, तुमचा भाऊ ज्याच्या घरी रविवारी तोंड पाडून बसतो त्याची मी थोरली बहीण. भांडण मिटवायला लिहीत नाही. तुम्ही ‘नाही’ का म्हणालात, ते मला ऐकायचं आहे.

त्यांचं उत्तर आलं. शेजारणीच्या नातीकडून इंग्रजीत लिहवून घेतलं आहे. त्यातला मजकूर कळवते, त्यांची परवानगी आहे.

त्या म्हणतात, गिल्डर गेला तेव्हा मला कोणी विचारलं नाही. गावातली बँक बंद झाली, बस बंद झाली, तेव्हाही नाही. बावन्न साली हेंकने जेवताना सांगितलं की बोटीचं तिकीट काढलं आहे. आई ताटावरून उठली, मी बटाटे वाढत राहिले. मग यंदा माझ्या नावाचा कागद आला. हो की नाही? एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं. युरोपशी माझं वैर नाही. पण आधी न विचारलेल्या सगळ्याचं उत्तर मी मतपत्रिकेवरच्या त्या एका चौकोनात देऊन आले.

पुरुषोत्तम, मी पुढे काही लिहीत नाही. हेंकरावांना पत्र वाचून दाखव. मुद्दे काढू नकोस.

आशीर्वाद आहेतच, न मागता.

तुझी,
ताई


ऑकलंड,
रविवार, ४ सप्टेंबर २००५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हेंक गेले. घाबरू नकोस, कोरीकडे गेले. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा चहा तसाच ठेवून निघून गेले. त्या रविवारी आमच्याकडे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी म्हणाले, की कोरी तासभर बोलली, गावच्या बोलीत. त्यांना निम्मे शब्द आठवेनात, त्यांनी फक्त ऐकलं. नंतर त्यांनी तिला विचारलं की मी येऊ का. ती हो म्हणाली.

परवा त्यांच्या हॅमिल्टनच्या मुलीने घर विकायची पाटी लावली. ते आता तिकडेच राहणार. जन्मगावात राहायला त्यांना परदेशी माणूस म्हणून परवानगी काढावी लागणार आहे. ते सांगताना हसले, मला हसू आलं नाही.

रविवारी कोणी येत नाही. सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर वाण्याकडे जातो, कढीपत्ता घेतो, तिथल्या मुलाशी पावसावर बोलतो आणि परत येतो. श्रीनाथ म्हणतो, बाबा, आता इथलं नागरिकत्व घेऊन टाका. म्हणजे आपला पासपोर्ट परत करायचा. मी आठवडाभर टाळतो आहे.

ताई, इथे यायचं ठरलं तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं. आता विचारतो. मी साताऱ्याला कायमचा परत येऊ का? तू जे म्हणशील ते मी करीन. मुद्दे देत नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
पुरुषोत्तम


सातारा,
२२ सप्टेंबर २००५

चि. पुरुषोत्तमास,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, हे मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

तू जायला निघालास तेव्हा विचारलं असतंस, तर मी ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं. तू थांबलाही असतास. तू गेल्यावर वर्षभर मी पेपरातलं शब्दकोडं अर्धंच सोडवायचे, उरलेलं तुझं म्हणून ठेवायचे. एक दिवस सगळं सोडवलं. त्या दिवशी फार रडले. नंतर कधी अर्धं ठेवलं नाही.

तुझ्या खोलीत अबोली राहते, बँकेत नोकरीला लागलेली मुलगी. तिला विचारलं, भाऊ कायमचा आला तर? ती लगेच खोली सोडते म्हणाली. मी नको म्हटलं. ती आल्यावर कडी वाजते, मी कोण म्हणून विचारते, ती ‘मी’ म्हणते. तेवढ्याची मला सवय झाली आहे.

आणि आरव. तो इंग्रजीत उत्तर देतो म्हणून तू हिरमुसतोस. पण त्याला समजतं, हे तूच लिहिलंस. श्रीनाथ-सिद्धी थकून घरी येतात. तू निघून आलास तर दिवसभरात त्याच्याशी मराठीत बोलेल कोण?

म्हणून माझं उत्तर ‘नाही’. राहायला येऊ नकोस. पासपोर्टाचं तुझं तू ठरव, तिथे मी मत देणार नाही. जानेवारीत दोन महिने ये, आरवलाही जमेल तेवढे दिवस आण. तुम्हा दोघांना हॉलमध्ये झोपावं लागेल.

एवढं लिहून पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. आज टाकते. कोरीबाईंना तो चौकोन भरायला किती वेळ लागला असेल, ते आता कळलं.

लोभ कमी झालेला नाही, हे मात्र न विचारता सांगते.

तुझी,
ताई